जुन्या बटनांचे कानातले आणि माळा: बटन उलटतं, खुंटी सुटते, काय करू?

टेलरची_लेक (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आमचं टेलरिंगचं दुकान होतं. दिवाळीनंतर बाबांनी ते बंद केलं. गुडघे साथ देईनात आणि रेडिमेडच्या जमान्यात शिवून घेणारी माणसंही कमी झाली. मशिनी विकल्या, कात्र्या बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही, आणि बटनं सगळी माझ्या घरी आली. बरण्या, मिठाईचे डबे, कार्डावर टाचलेली, सुटी, सगळ्या जातीची. शर्टाची पांढरी तर ढिगाने. सफारीची तपकिरी, स्वेटरची मोठाली रंगीत, ब्लाउजची कापडाने मढवलेली, बँडवाल्यांच्या ड्रेसची सोनेरी, मागे कडी असलेली. एका डब्यात जुनी, जरा जड अशी आहेत, उजेडात धरली की गुलाबी-हिरवी झाक मारतात.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या चाळण्या आणि डबे लुटायचे नाहीत असं ठरवलंय. या बटनांचे कानातले वाण म्हणून द्यायचे. चाळीस-पन्नास बायका येतात. नीट जमलं तर पुढे विकायचाही विचार आहे.

करायला घेतलं तर भानगडी सुरू. माळ ओवली की बटनं गळ्यात उलटी होतात, काही तर कडेवर उभी राहतात, समोरून नुसत्या पाठी दिसतात. कानातल्याला मागे खुंटी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली, ती थोडा ओढ बसला की सुटते, आणि वर बटनावर धूर बसल्यासारखा पांढरा डाग. जाऊबाईंनी एक जोड घातला तर त्यांच्या कानाला खाज सुटली. आणि ती झाक मारणारी बटनं शिंपल्याची आहेत की साधी प्लास्टिकची? बाबांना विचारलं तर म्हणाले, "जुना माल आहे, चांगला आहे." पुढे काही नाही.

घरी ग्लू गन आहे, छोटी पक्कड आहे. ड्रिल नाही, घ्यायची इच्छाही नाही.

बर्डीचा_बाबू

ग्लू गन आहे म्हणताय, मग प्रश्नच मिटला ना ताई. मागून मोठा थेंब सोडा, खुंटी दाबा, झालं. माझी बायको राख्या अशाच करते. माळेचं मला समजत नाही, पण बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, तयार माळा शंभर रुपयांत मिळतात, एवढी मेहनत काहून?

काजबटनवाली_मावशी (नंदनवन)

बाबूभाऊ, राखी आठ दिवस टिकली की तिचं काम झालं. कानातलं दोन वर्षं टिकायला पाहिजे. आणि ग्लू गनचा गोंद नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवून पाहा. तो उष्णतेनेच वितळून लागतो, मग उष्णतेनेच नरम पडणार. त्यात गुळगुळीत बटनावर त्याची पकडही बसत नाही, गार झाला की अख्खा थेंब नखाने निघून येतो.

आता पोरी, तुझ्याकडे येते. टेलरची लेक आणि बटन चिकटवून राहिली? बाबांना सांगू नको बाई.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून रेडिमेडवाल्यांची काजबटनं घरी आणून करून देत होते. गठ्ठा सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. डोळे गेले तसं ते काम सोडलं. आता बटनांचेच दागिने करते, बचत गटाच्या प्रदर्शनात टेबल लावते. माझं म्हणणं एकच आहे: बटनाला भोकं आहेत. ती सोडून बाकी सगळं करून पाहतात लोक. शिवता येण्यासारखी वस्तू चिकटवायची कशाला?

आधी माळ घे. एकाच दोऱ्यात बटन ओवलं तर ते त्या दोऱ्याभोवती गरगर फिरणारच, त्याला अडवायला काही नाही. म्हणून दोरे दोन घे आणि बटन चार भोकांचं. वरचा दोरा वरच्या दोन भोकांतून, खालचा खालच्या दोन भोकांतून, दोन्ही खालून वर येऊन पुन्हा खाली जातील असे. आता ते बटन फिरून दाखवेल तर खरं. दोन बटनांच्या मधे दोन्ही दोऱ्यांत एकेक मणी टाक, नाहीतर कडा एकमेकींवर चढतात. यातली खुबी अशी की खालच्या दोऱ्यातला मणी वरच्यापेक्षा थोडा मोठा घ्यायचा. गळ्याभोवती खालचा घेर मोठा असतो, त्यामुळे माळ आपोआप गोल वळते, नाहीतर ती पट्ट्यासारखी सरळ राहते आणि गळ्यापासून उचलते.

शर्टाची पांढरी बटनं ढिगाने आहेत म्हणतेस, त्यांची वेगळी माळ कर. दोरा पहिल्या बटनाच्या एका भोकातून वर काढ. दुसऱ्या भोकातून खाली घालताना त्याच्याखाली दुसरं बटन धर आणि त्याच्याही पहिल्या भोकातून तसाच खाली ने. आता दोरा दुसऱ्या बटनाच्या खाली आला. तिथून त्याच्या दुसऱ्या भोकातून वर, आणि वर ठेवलेल्या तिसऱ्या बटनाच्या पहिल्या भोकातूनही वर. एक वर, एक खाली, जुन्या घरांवरच्या नळीच्या कौलांसारखी. चार भोकांची असतील तर तिरकी समोरासमोरची दोन भोकं धरायची. बटनं एकमेकांना दाबून ठेवतात, एकही उलटत नाही. मात्र ही माळ बटनं खाते. दोन भोकांत जेमतेम तीन-चार मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे दर बटनामागे माळ तेवढीच पुढे सरकते. गळ्याबरोबरच्या माळेला शंभराच्या वर बटनं लागतात. विकत आणून करणाऱ्याला परवडत नाही, तुला परवडेल. दिसते मात्र भरगच्च, लांबून कोणाला बटनं म्हणून ओळखू येत नाहीत.

बँडवाल्यांची कडीची बटनं सगळ्यांत सोपी. कडीतून दोरा आडवा गेला की तोंड समोरच राहतं. फक्त दोन बटनांच्या मधे कडीच्या जाडीचा मणी घाल, म्हणजे मान टाकत नाहीत.

दोरा शिवणाचा अजिबात नको. बटनाच्या भोकाची कड, त्यातही पितळी बटनाची, दोरा हळूहळू कापते. आपण शर्टाचं बटन लावताना दोरा चारदा फिरवतो, वर देठाला गुंडाळतो, तेव्हा ते टिकतं. माळेत एकच दोरा सगळा भार घेतो. पटवेकऱ्याकडे पोत गाठवायचा जो पिळाचा दोरा असतो तो माग, किंवा मेण लावलेला नायलॉन. तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी, पारदर्शक म्हणून सगळ्या घेतात, पण तिची गाठ सरकते आणि माळ ताठ बसते. नायलॉनच्या दोऱ्याचं टोक अगरबत्तीने चटका देऊन बंद करायचं, पण बटनांपासून लांब धरून. प्लास्टिकच्या बटनाला चटका बसला की ते बटन गेलंच.

कानातल्याचं सांगते. एक ३२ लाइनचं बटन घे, त्यावर १८ लाइनचं, त्यावर एक मोती. लाइन म्हणजे काय ते बाबांना तोंडपाठ असेल: ४० लाइनचा एक इंच. शर्टाचं १८ लाइनचं बटन साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास भरतं, कोटाचं ३२ लाइनचं वीस. बारीक तार, २६ गेजची, खालून दोन्ही बटनांच्या भोकांतून वर काढ, मोत्यातून घाल, दुसऱ्या भोकातून खाली ने आणि मागे दोन्ही टोकांना पक्कडीने पीळ दे. तीन पीळ पुरतात, जास्त दिलेस तर तार तुटते. लटकन हवं असेल तर त्याच तारेची टोकं बटनाच्या पाठीवरून वर ने आणि कडेच्या बाहेर एक फास कर, त्यात हूक अडकव. ड्रिल कशाला पाहिजे?

कुड्याच करायच्या असतील तर रेक्झिनचा गोल तुकडा काप, बटनापेक्षा दोराभर लहान. त्याच्या मधोमध सुईने भोक पाडून खुंटी आतून बाहेर काढ, म्हणजे खुंटीची चकती आत राहिली. आता रेक्झिन आणि बटन एकमेकांना त्या बटनाच्या भोकांतून शिवून टाक. मधे दोन भाग मिसळायचा इपॉक्सी गोंद लाव आणि रात्रभर दाबून ठेव. चकती दोघांच्या मधे अडकलेली असते, ती ओढून निघत नाही. गोंद फक्त हलू नये म्हणून.

खाज आणि शिंपल्याचं कोणी जाणकार सांगेल. मला गालावर लावून कळतं, पण का कळतं ते सांगता येत नाही.

रसायनवाला (धरमपेठ)

मावशींच्या पोस्टला हात जोडले. बाकीचं मी भरतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त.

पांढरा डाग: झटपट चिकटणारा गोंद सायनोअॅक्रिलेट असतो. हवेतल्या ओलाव्याने तो घट्ट होतो. घट्ट व्हायच्या आधी त्याची थोडी वाफ उडते आणि जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरी होऊन बसते. जास्त गोंद, बंद डबी, म्हणजे जास्त डाग. शिवाय तो गोंद वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. दाब सहन करतो, आडवा झटका सहन करत नाही, आणि कानातल्याला दिवसभर झटकेच बसतात. डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. त्यात अॅसिटोन असेल तर डागाबरोबर बऱ्याच प्लास्टिकची चकाकीही जाते, काही बटनं तर चिकट होतात.

खाज बहुतेक निकेलची. स्वस्त हूक आणि खुंट्यांवरच्या मुलाम्याखाली निकेल असतं, घामात ते थोडंथोडं सुटतं. एकदा अॅलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते, त्यामुळे जाऊबाईंना आता "सवय होईल" म्हणू नका. युरोपात यासाठी कायद्याने मर्यादा आहे. टोचलेल्या भागात घालायच्या खुंटीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. आपल्याकडे सुट्या हुकांच्या पाकिटावर असं काही लिहिलेलं नसतं. तेव्हा सर्जिकल स्टीलचे घ्या, त्यात निकेल असतं पण ते धरून ठेवलेलं असतं, फार कमी सुटतं. ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांच्यासाठी टायटॅनियम. नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश खुंटीला लावतात, ते थोडे दिवस चालतं, मग झिजतं.

आता शिंपला. गालाला किंवा दाताला लावून पाहा. शिंपल्याचं बटन गार लागतं आणि बराच वेळ गार राहतं, कारण ते अंगाची उष्णता भराभर ओढून घेतं. प्लास्टिक लगेच कोमट होतं. दातावर हलकं आपटलं तर शिंपला दगडासारखा वाजतो. पाठ पाहा: शिंपल्याच्या पाठीवर बहुधा तपकिरी-पिवळसर साल किंवा थरांच्या रेषा राहिलेल्या असतात, आणि एका बटनासारखं दुसरं नसतं. प्लास्टिकच्या नकलेत झाक सगळ्यांत सारखीच असते.

एक नक्की करू नका. सुई तापवून टोचून पाहायची पद्धत अजून सांगितली जाते. जुन्या बटनांत सेल्युलॉइडची असू शकतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. दुसरं, शिंपल्याला व्हिनेगर, लिंबू, चिंच लावू नका. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो विरघळतो, चकाकी कायमची जाते. कोमट पाणी, अंगाच्या साबणाचा फेस, मऊ ब्रश, लगेच पुसणं. पितळी बटनांना चिंच चालेल, पण ती खरी पितळी असतील तरच. बँडवाल्यांची बहुतेक सोनेरी मुलाम्याची असतात, चिंचेने मुलामा जाईल.

आणि सगळी बटनं एका बादलीत भिजत टाकू नका. जुन्या मालात केसिनची बटनं निघतात. दुधातलं केसिन फॉर्मालिनमध्ये मुरवून हे प्लास्टिक करत, जर्मनीत १९व्या शतकाच्या शेवटी ते निघालं. रंग फार सुंदर घेतं, पण पाण्यात ठेवलं की फुगतं आणि तडकतं. लाकडाची, करवंटीची बटनंही पाण्यात नकोत.

इतवारीचा_नातू

आमच्या आजोबांच्या सदऱ्याला चांदीची बटनं होती, चारही एका साखळीत ओवलेली. सदरा धुवायला टाकला की बटनं काढून कपाटात. पैसेवाल्यांकडे सोन्याची असायची. म्हणजे आपल्याकडे बटन हा दागिना होताच, फक्त तो पुरुषांच्या अंगावर होता. ताई, ही कल्पना घ्या: पितळी किंवा शिंपल्याची तीन-चार बटनं बारीक साखळीने जोडून कुर्त्याचा सेट करा. दोन्हीकडून काज असलेला कुर्ता लागतो, तुमचे बाबा सांगतील. लग्नसराईत पुरुषांना भेट द्यायला काही मिळत नाही, हा सेट लगेच उचलला जाईल.

हुकांसाठी इतवारी सराफ्यात चांदीची २० गेजची तार वजनावर घ्या, हूक स्वतः वळवा. पेनाच्या जाडीवर वळतं. टोक मात्र कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर कान सोलतो. मणी, कड्या, फासे इतवारी-गांधीबागेत ठोकात पडतात, बर्डीपेक्षा निम्म्याने नाही तरी बऱ्यापैकी कमी.

पुसदची_वैशू

वाचून मजा आली. आमच्या पुसदकडे बंजारा बायकांच्या कांचळी-फेटियावर, म्हणजे चोळी-घागऱ्यावर, आरसे, कवड्या, नाणी आणि जोडीला बटनंही शिवलेली पाहिली आहेत. तिथे सगळं शिवलेलंच असतं, गोंदाचा थेंब नाही, आणि आज्यांचे कपडे नाती घालतात. तेव्हा मावशींना माझं अनुमोदन.

माझा वेगळा प्रश्न. भाचीचं यंदा बोरन्हाण आहे, दहा महिन्यांची आहे. हलव्याचे दागिने मुंग्या लावतात आणि चिकट होतात. त्याऐवजी रंगीत बटनांचा मुकुट, हार, बाजूबंद केला तर? फोटोत छान येईल.

बर्डीचा_बाबू

मावशी, गाडीत ठेवून पाहायची गरज नाही पडली. बायकोने वाचलं आणि मागच्या वर्षीची राखी काढून दाखवली. मणी एकीकडे, दोरा एकीकडे. मी माघार घेतो.

काजबटनवाली_मावशी (नंदनवन)

वैशू, नको. दहा महिन्यांचं लेकरू हातात येईल ते तोंडात घालतं. हलव्याचा दाणा निदान विरघळतो, बटन घशात अडकलं तर काय करशील? तीन वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर सुटं होऊ शकेल असं बटन घालायचंच नाही. फोटोच पाहिजे तर मुकुट कापडाचा कर, वर बटनांऐवजी नक्षी भरून काढ. बटनांचा हार आईच्या गळ्यात घाल, लेकरू मांडीत असेल तर तोही फोटो झाल्यावर काढून ठेव. बाजूबंद तर मुळीच नको, इलॅस्टिक हाताला रुततं.

रसायनवाले भाऊ, गालाचं कारण आज कळलं. बरं झालं.

इतवारीच्या नातवाची साखळीची कल्पना चांगली आहे, पण भाऊ, तयार कुर्त्यांना एका बाजूला बटन शिवलेलंच असतं. घेणारा पहिल्यांदा विचारेल, "हे लावायचं कुठं?" ज्याला काज करून देता येतं त्यानेच हा सेट विकावा. टेलरच्या लेकीला जमेल, बाकीच्यांनी या फंदात पडू नये.

पोरी, आता वाणाचं आणि विकायचं वेगवेगळं धर. शिंपल्याची बटनं वाणात लुटू नको. ज्या बाईला माहीत नाही ती ते कानातलं भांडी घासताना घालेल, लिंबाचा साबण लागेल आणि झाक जाईल. ती वेगळी ठेव, एकेका बटनाचं पदक कर, मागे पिळाचा काळा दोरा, बाकी काही नको. चांगली वस्तू आहे ती, तिच्यावर मोती-बिती लादू नको. शिंपल्याला भोक पाडायला कोणी सांगेल तर ऐकू नको, ती धूळ छातीत जाणं वाईट.

वाणाला शर्टाची पांढरी आणि स्वेटरची रंगीत, दोन थरांची, हूक लावलेली लटकन कर. सगळ्यांच्या कानात चालतात. कुड्यांना प्रत्येकीचा वेळ जातो, पन्नास जोड्या करायला बसलीस तर संक्रांत रथसप्तमीवर जाईल. तशी हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतातच म्हणा. जोड लावताना एकाच कार्डावरची दोन बटनं घे. सुट्या ढिगातली दोन सारखी दिसली तरी एक अर्धा मिलिमीटर जाड निघतं आणि कानात एक खाली, एक वर लोंबतं. तराजू असेल तर वजन करून जोड लाव, मी तसंच करते.

विकायच्या मालाची किंमत लावताना बटन फुकट धरू नको. बाबांनी ती पैसे देऊन भरली होती. बटनाची आजची दुकानातली किंमत, हूक, तार, कार्ड, आणि तुझ्या तासाचे पैसे, एवढं धरून बघ. साध्या जोडीला मी दीडशे लावते, माळेला सहाशेच्या पुढे. प्रदर्शनात बायका म्हणतात, "अगं बटनंच तर आहेत." म्हणू देत. त्याच बाया परत फिरून येतात. भाव कमी करायचा असेल तर दोन जोड्यांवर करायचा, एकीवर नाही.

टेलरची_लेक (प्रतापनगर, नागपूर)

मावशी, काका, सगळ्यांचे खूप आभार. दोन दोऱ्यांची माळ केली. एक बटन उलटलं नाही! खालचा मणी मोठा घ्यायचं विसरले असते तर माळ ताठच राहिली असती, ते तर कुठेच सांगत नाहीत.

गालावर लावून पाहिलं. झाक मारणारी जवळजवळ सगळी गार. मधे पाच-सहा कोमट निघाली, ती कोणीतरी नंतर मिसळलेली दिसतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "लग्नाच्या शेरवान्यांसाठी आणली होती, पुढे कोणी मागितली नाहीत." एवढं बोलले हेच खूप. मग स्वतःच डबे घेऊन बसले आणि लाइनप्रमाणे वेगळे करायला लागले. मापाची गरज नाही, नुसत्या बोटाने सांगतात चोवीस की अठ्ठावीस.

आता कापडाने मढवलेल्या बटनांचं काय करू? ती जुन्या ब्लाउजांची, रंग उडालेली. मागे कडी आहे. फेकू का?

काजबटनवाली_मावशी (नंदनवन)

फेकायला काय झालं? तोच तर सगळ्यांत चालणारा माल आहे. वरचं कापड उतरव, आतली टोपी धातूची असते, तिच्यावर नवीन कापड चढतं. गंज असेल ती टाकून दे. बायका साडीच्या काठाचा उरलेला तुकडा आणून देतात आणि म्हणतात, याचे कानातले करून द्या. पैठणी, इरकल, टसर, काहीही. साडीला जुळणारे कानातले बाजारात मिळत नाहीत, आणि तेवढ्या तुकड्याचं दुसरं काही होतही नाही.

बाबांना आधी विचार, बटन मढवायचा साचा मशिनीबरोबर विकला तर नाही ना?

टेलरची_लेक (प्रतापनगर, नागपूर)

साचा आहे! कात्र्यांच्या पेटीतच होता. दोन मापांचा. बाबा म्हणतात ते दाबून देतील, कापड मी कापून द्यायचं. पण कापड किती मोठं कापू? काठावरचा मोर मधोमध आला पाहिजे, पहिल्या दोन्हींत मोराची मान मागे गेली.

काजबटनवाली_मावशी (नंदनवन)

बटनाच्या व्यासाच्या दुपटीला थोडं कमी. ३२ लाइनच्या बटनाला पस्तीस-छत्तीस मिलिमीटरचा गोल. त्यापेक्षा मोठा घेतलास तर मागे चुण्या पडतात आणि झाकण बसत नाही, लहान घेतलास तर कापड निसटतं. मोरासाठी जुन्या एक्स-रे फिल्मचा गोल काप, मधे बटनाएवढं भोक कर. ती खिडकी काठावर सरकवत जा, मोर भोकात नीट बसला की बाहेरच्या कडेने खडूने आखून काप. जरीचं कापड असेल तर मागून पातळ चिकटअस्तर इस्त्रीने लाव, नाहीतर दाबताना जर उसवते आणि आतली टोपी चमकते. साधं सुती असेल तर आधी धुऊन वाळव, नवं सुती आटतं आणि रंगही सोडतं, घामाने कानामागे लाल होतं.

दुसऱ्या कानाचा मोर उलट्या तोंडाचा निवड. दोघांनी चेहऱ्याकडे पाहिलं पाहिजे.